बिनतेलाचं शेपूट

शिवकन्याआत्यानं समुद्र पाहिलाय तो बाटलीत. खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, तिच्यात चमचाभर पांढरी वाळू, अंदमानची. आत्या दोरा निवडायला बसली की ती वाळू बशीत ओतते, पांढरा, दुधी, बदामी असे चार-पाच दोरे तिच्यावर टाकते आणि पापण्या अर्ध्या मिटून बघते. जो दोरा वाळूत हरवतो तो घ्यायचा, जो डोळ्यात भरतो तो बाजूला.

"जलमभर बैलं सजवले," ती म्हणते. "रंग असा, का शिवाराच्या त्या टोकावरून दिसला पाह्यजे. आन् आता दिसू नये म्हून बांधून राहिले. पुन्हा माशाला तेवढं दिसलंबी पाह्यजे. करावं काय मानसानं."

आमच्या हिंगोलीजवळच्या गोरेगावात पोळ्याचे गोंडे हातानं बांधणारी ती एकटीच उरलीय. बैलाच्या कपाळावरची माथोटी, शिंगांचे गोंडे, गळ्यातला केसांचा काळा कंडा, सगळं तिच्याकडचं. पण गावात बैलजोड्या उरल्या चौदा, आणि त्या चौदातल्या बाराजणांना बाजारातले प्लास्टिकचे गोंडे आवडतात. धुता येतात म्हणे.

दोन वर्षांमागं हिंगोलीच्या दसऱ्यात आत्यानं गोंड्यांचं दुकान मांडलं होतं. तिथं पुष्कर आला. हा हिंगोलीतल्या देवळाच्या पुजाऱ्यांचा, व्यंकटरावांचा मुलगा. अंदमानात बोटीवर असतो. परदेशातले लोक तिथं गळानं मासे धरायला येतात, त्यांना हा माशांपर्यंत नेतो. व्यंकटरावांना कुणी विचारलं, "पुष्कर काय करतो सध्या?", की ते उपरणं सारखं करून म्हणतात, "टुरिझममध्ये आहे. पाण्याशी संबंधित." आणि लगेच पंचांग उघडतात.

पुष्करनं गोंडा हातात घेतला, उलटा केला, गाठ शोधली, सापडली नाही. मग खिशातून एक डबी काढली. तिच्यात बोटाच्या पेराएवढा गळ, त्यावर केस, दोन बारीक मणी. तो त्याला फ्लाय म्हणतो.

"ताई, हे खोटं आहे. हे पाण्यात झिंग्यासारखं दिसतं. मासा झिंगा समजून खातो."

"आन् तुमी मासा खाता."

"नाही. फोटो काढतो आणि सोडतो."

"मंग धरता काहून?"

पुष्कर याचं उत्तर दोन वर्षं देतोय. आत्याला अजून पटलेलं नाही. पण झिंगा तिला पहिल्याच दिवशी जमला. गळ शेगडीच्या चिमट्यात पकडायचा, चिमटा पाटाच्या फटीत ठोकायचा, रेशमानं आधी मणी बांधायचे. मणी गळाच्या पाठीवर बसले की पाण्यात गळ पालथा होतो, टोक वर राहतं, तळाच्या वाळूत अडकत नाही. पाणी घोट्याएवढं असलं तर हलके मणी, कंबरेएवढं असलं तर पितळी. मण्यांच्या मागं केस, तेही चिमूटभरच. जास्त घातले की झिंगा राहत नाही, झाडू होतो. हे तिचंच म्हणणं.

केस कशाचे, तर बैलाच्या शेपटाचे. पांढरे. लालकंधारीचं शेपूट काळं, ते चालत नाही. देवणी बैलाचं पांढरं शेपूट लागतं. म्हशीचं तर विचारायलाच नको. बकरीचे केस आखूड पडतात. आणि गाईच्या शेपटाला आमच्याकडं कातर लावत नाहीत. मेल्यावर तेच शेपूट धरून पलीकडं जायचंय, ते कापून माशाला कोण घालील.

उन्हाळ्यात तिनं नमुन्याचे दोन डझन झिंगे बांधले. त्यांचे केस वैजनाथकाकानं आणून दिले होते. त्याचा पांढरा बैल म्हणजे गावातला सगळ्यात देखणा. कागदाच्या पुडीत मूठभर केस घेऊन आला आणि दारातच बसला.

"हे घे तुजं माशाचं. आन् माज्या राजाला औंदा नऊ पदरी गोंडे पाह्यजेत. लाल-हिरवे. मागल्या सालापक्षा भारी."

आत्या मान वर न करता म्हणाली, "औंदा न्हाई जमायचं हो दादा. हे माशाचं काम आलंय अंगावर. प्लास्टिकचे घ्या ना औंदाच्याला."

वैजनाथकाका हसला आणि गेला. त्याचं हसणं म्हणजे आधी खांदे हलायचे, आवाज मागाहून यायचा.

नमुने पुष्करला आवडले. बांधाल का एकशे ऐंशी, त्यानं विचारलं, आणि गळ पाठवून दिले. ह्या वर्षीपासून त्याची स्वतःची बोट होती. गणपतीला तो घरी येणार, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी परत निघणार. माल चांगला निघाला तर पुढं दर हंगामाचे झिंगे आत्याचेच.

हे ऐकून आत्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. रडली असावी, पण बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

कारण असं होतं. आत्याला हट्ट्याला दिलेलं. मूलबाळ झालं नाही, नवऱ्यानं दुसरी आणली, आत्या भावाकडं, संतरामकाकाकडं आली. त्याला नऊ वर्षं झाली. आता त्या दुसरीला जुळं झालंय आणि हट्ट्याहून निरोपावर निरोप, की थोरलीला पाठवा, लेकरं संभाळायला माणूस नाही. आणि इकडं संतरामकाकाच्या लेकीचं, कोमलचं लग्न जुळून राहिलेलं. बघायला येणारे पाव्हणे पोहे खाता खाता विचारतात, "ह्या कोन? इथंच असतात व्हय?"

संतरामकाका वाईट माणूस नाही. बोलायच्या आधी तो तीनदा घसा खाकरतो आणि समोरच्याकडं न बघता खांबाकडं बघून बोलतो.

"हे बघ शिवकन्ये. आमी काय तुला वंगाळ सांगून राहिलो का? तितं खायला हाय, ल्यायला हाय. तुज्या कामाचं बराबर बसलं तर ऱ्हा. कोन न्हाई म्हनतंय? मीच सांगतो पाव्हन्याला, माजी बहीन कारागीर हाय. पर काम पाह्यजे ना दाखवायला. न्हाई बसलं तर चतुर्दशीला हट्ट्याची जीप येऊन राहिली. मी हो म्हनलोय."

"त्यायची लेकरं मी संभाळू?" आत्या म्हणाली. बस्स, एवढंच.

पोळ्याच्या तीन दिवस आधी वैजनाथकाका गेला. सकाळी बैलाला पाणी दाखवलं आणि तिथंच बसला. त्या घरात सुतक, म्हणून त्यांचा पोळा झाला नाही. बाकीच्या गावात झाला. आदल्या दिवशी खांदमळण, म्हणजे बैलाच्या खांद्याला हळद-तेल चोळायचं. आमच्याकडं नुसत्या खांद्यावर भागत नाही, शिंगापासून शेपटाच्या झुपक्यापर्यंत बैल चोपडून काढतात. तेल करडीचं. पोळ्याच्या सकाळी ओढ्यावर बैल धुतात, शेपटं सारखी कातरतात. आत्या पोतं घेऊन ओढ्यावर बसली आणि सात देवणी बैलांचे पांढरे केस घेऊन आली. पत्र्याखाली उन्हात वाळवले. मग नऊ दिवस पाठ मोडेस्तोवर बांधत राहिली.

"केस कसे गुमान बसून राहिलेत ह्या खेपेला," ती म्हणायची. "एक बी उभा ऱ्हात न्हाई."

गुमान बसत होते कारण त्यांच्यावर तेल होतं. आणि करडीचं तेल वाळलं की तेल राहत नाही, वार्निश होतं. हे तिला ठाऊक नव्हतं असंही नाही. लहानपणी बापाच्या कातडी मोटेला तेच तेल चोळून तिनंच वाळवलेलं, पाणी आत शिरू नये म्हणून. पण मोट कुठं आणि झिंगा कुठं.

झाले त्यातले काही झिंगे बघायला म्हणून हिंगोलीला पाठवले होते, आणि दहाव्या दिवशी पुष्करचा फोन आला. त्याचा आवाज देवळात वाढलेल्या माणसाचा, रागावला तरी आरती झाल्यावर प्रसाद वाटल्यासारखा येतो.

"ताई, बांधणी सुंदर आहे. पण बुडत नाहीये हो."

"काय बुडत न्हाई?"

"एकही. आईच्या कळशीत टाकून बघितला, बादलीत टाकला, शेवटी देवळाच्या हौदात. वर बसून राहतो. दहा-बारा आकडे मोजल्यावर खाली जातो. तिथं मासा एका जागी थांबत नाही. तो तळाला चरत चरत येतो, त्याच्या पुढ्यात टाकायचा, दोन मोजायच्या आत तळाला पोचला पाहिजे. हा वर तरंगतोय तोवर मासा गेलेला असतो."

"नमुने बुडले व्हते ना?"

"नमुने बुडले होते."

आत्यानं फोन ठेवला आणि उरलेल्या केसांतली मूठभर घेऊन बादलीत सोडली. केस पाण्यावर पसरले. तिनं बोटानं खाली दाबले. वर आले. पुन्हा दाबले. मागं संतरामकाका येऊन उभा होता. त्यानं घसासुद्धा खाकरला नाही, आणि त्याची खरी भीती तिला तेव्हा वाटली.

मग रिठे झाले, शिकेकाई झाली, धुण्याचा सोडा झाला. रिठ्यानं काही हललं नाही. सोड्यानं तेल थोडं सुटलं आणि केसही सुटले, दोरा आवळला की काडीसारखे तुटायला लागले. संध्याकाळी अंगणात सगळीकडं पांढरे तुकडे पडलेले आणि आत्या पायरीवर, हात सोड्यानं सोललेले.

शेजारच्या भिकाबाईनं भिंतीवरून बघितलं. भिकाबाई सांत्वन करते तेव्हा माणसाला आणखी जखम होते. "जाऊ दे माय. हट्ट्याला तरी काय, मोठं गाव हाय. दवाखाना हाय. आन् लेकरं सवतीची असली तरी लेकरंच की."

आत्यानं ऐकलं नाही. ती बोटं मोजत होती. गावातल्या पांढऱ्या शेपटाचे बैल आठ, त्यातल्या सातांना तेल. आसपासच्या कुठल्याही गावात जा, पोळा सगळीकडं झालेला. राहिला एक, ज्याला पोळ्याचं बोटही लागलं नव्हतं. कारण त्याचा धनी मेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मालनबाईकडं गेली. वैजनाथकाकाची बायको. तेरावं आदल्या दिवशीच झालेलं, पत्रावळी अजून उकिरड्यावर. मालनबाई गोठ्याच्या तोंडाशी बसली होती. आत्या समोर बसली. तिनं वाळल्या काडीचे तुकडे करायला घेतले.

"बोल की," मालनबाई म्हणाली. "तेरा दिवस सगळे बोलूनच राहिले."

"वहिनी, राजाच्या शेपटाचे केस पाह्यजे होते."

मालनबाईनं तिच्याकडं बघितलं. "कशाला?"

"माशाच्या कामाला."

"हां. माशाच्या." मालनबाईनं पदराचं टोक दोन बोटांत घेतलं, सोडलं. "ते तुज्याकडं गोंडे सांगायला आले व्हते ना उन्हाळ्यात?"

"व्हय."

"काय म्हनलीस तू?"

आत्याला खोटं बोलता आलं असतं. मेलेला माणूस काय सांगायला येणार नव्हता. "प्लास्टिकचे घ्या म्हनले."

"तेच सांगत आले घरी. जेवताना चारदा सांगितलं. शिवकन्या म्हनती प्लास्टिकचे घ्या. हसून राहिले. मला म्हनले, मी काय प्लास्टिकचे घेत न्हाई, पुन्हा जातो दोन रोजानं, नरम पडंल ती."

तो पुन्हा आलाच नव्हता. आत्यानं मान खाली घातली.

"मला त्यायचे गोंडे पाह्यजेत," मालनबाई म्हणाली. "नऊ पदरी. राजा उघडा ऱ्हायला औंदा. आधी ते बांध, मंग तुजी कातर लाव. आधी न्हाई."

"वहिनी, माज्याकडं चारच दिवस हायेत. गोंड्याला दीड दिवस जातो."

"मंग नको बांधू. मी काय जबरी करून राहिले का?"

आत्या घरी आली आणि लोकर काढली. पाच पदरांत काम भागवायचा विचार तिच्या मनात आला, हे तिनंच नंतर सांगितलं. पाच पदरांचे गोंडे दुपारपर्यंत होतात, आणि रडून सुजलेल्या डोळ्यांनी मालनबाई काय पदर मोजणार होती. तिनं पाच पदर लावलेसुद्धा. मग उसवले. पुन्हा नऊ लावले आणि लावताना वैजनाथकाकाला, मालनबाईला, पुष्करला, हट्ट्याच्या सगळ्या खानदानाला अशा शिव्या घातल्या, की भिकाबाई भिंतीवरून खाली उतरली.

तिसऱ्या प्रहराला उजेड पडल्यासारखे लाल-हिरवे गोंडे पाटावर दिसायला लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती ते घेऊन गोठ्यात गेली. राजाच्या शिंगांना बांधले. पोळा होऊन बारा दिवस झालेले, आणि गावात एकच बैल सजून उभा. गल्लीतले लोक दारात आले. कुणी हसलं नाही.

मालनबाईनं बैलाच्या कपाळावर हात ठेवला. मग आत गेली आणि येताना वाटी घेऊन आली. हळद कालवलेलं करडीचं तेल.

"पोळा करायचा तर नीट करू," ती म्हणाली, आणि पंजाभर तेल घेऊन शिंगाच्या मुळाशी चोळलं. तिथून मानेवर. मानेवरून पाठीवर. इतके दिवस थांबलेला हात तो, भराभर चालला होता.

आत्याची कातर कंबरेला. ती बैलाच्या मागं धावली आणि शेपटाचा झुपका दोन्ही मुठींत धरला. राजानं लाथ झाडली, ती मांडीला बसली. तिनं सोडलं नाही.

"थांबा वहिनी. पाया पडते तुमच्या. शेपटाला तेल नका लावू."

मालनबाईचा तेलकट हात हवेत राहिला. "काहून?"

"तेल लागलं का बुडत न्हाई. बुडलं न्हाई तर मला हट्ट्याला जावं लागतंय."

एवढं बोलल्यावर ती शेपूट धरून तिथंच खाली बसली, शेणात. मालनबाईला झिंगा माहीत नव्हता, अंदमान माहीत नव्हतं. हट्टा माहीत होतं. तिनं हात स्वतःच्या लुगड्याला पुसला, दोनदा पुसला, आणि म्हणाली, "कातर दे इकडं. तुजे दोन्ही हात गुतलेत. बैलाला लागंल."

झुपका मालनबाईनंच कापला.

उरले दोन दिवस आणि थोडी दुपार. आत्यानं मांडीला हळद लावली, तरंगणारे झिंगे कापून गळ मोकळे केले आणि पाय लांब करून चिमट्यासमोर बसली. पहिला झिंगा बांधून बादलीत टाकला. एक म्हणायच्या आत तो पालथा झाला, दोनला तळाशी, टोक वर. ती खुश झाली नाही. तिला वेळ नव्हता. सोललेल्या बोटांना रेशीम चिकटायचं, ओढलं की साल घेऊन यायचं. पंचवीस झाले, चाळीस झाले. दोरा वाळूवर धरून बघायचंसुद्धा तिनं सोडलं, डोळ्यांना रंग पाठ झालेला. चतुर्दशीला दुपारी पुष्कर मोटारसायकलवरून आला तेव्हा सत्तर झाले होते. एकाहत्तरावा चिमट्यात.

पुष्करनं पाच झिंगे बादलीत टाकले. पाचही बुडाले. त्याचा चेहरा उजळला, मग त्यानं डब्यातले झिंगे मोजले.

"सत्तर?"

"बाकीचे देते बांधून. केस हायेत."

"ताई, मी उद्या निघतोय. माझा हंगाम सहा महिन्यांचा आहे. हे चार-पाच पाहुण्यांत संपतील. प्रवाळावर अडकून तुटतात, मोठा मासा घेऊन जातो." त्यानं मान हलवली. "बाकीचे मला दुसरीकडून मागवावे लागतील. चूक तुमची नाही. पण तरंगणाऱ्यांमुळं आपले दिवस गेले. उरलेले गळ द्या, मोजून घेतो. जपानचे आहेत, तिकडं मिळत नाहीत."

आत्यानं गळांची डबी उचलली. पुष्करनं हात पुढं केला. तिनं डबी कंबरेला खोचली आणि वर पदर घट्ट गुंडाळला.

"न्हाई देत."

"अहो ताई."

"न्हाई देत. गळ माज्याकडं ऱ्हायले तर तुमाला माज्याकडं यावंच लागंल. दिले तर तुमी गेले. मंग कोन कुनाचं."

पुष्कर आयुष्यात कधी कुणाच्या कंबरेच्या डबीसाठी भांडला नव्हता. तो संतरामकाकाकडं बघायला लागला. संतरामकाका खांबाकडं. तेवढ्यात पुष्करचा फोन वाजला, आणि व्यंकटरावांचा आवाज सगळ्या अंगणात ऐकू आला, "कुठं आहेस? विसर्जनाची वेळ टळतेय, आणि पाण्याशी संबंध तुझा."

"आलो बाबा." पुष्करनं फोन खिशात घातला. डबा बॅगेत ठेवला. "दिवाळीच्या आत एकशे दहा. पोस्टानं. पत्ता लिहून देतो. आणि प्रत्येक केस आधी पाण्यात बुडवून बघायचा."

"प्रत्येक केस?"

"प्रत्येक चिमूट."

तो गेला आणि अर्ध्या तासात हट्ट्याची जीप आली. आत्याचा नवरा पुढच्या सीटवर, मागं रिकामी जागा. संतरामकाकानं घसा खाकरला, एकदा, दोनदा. मग आत्याला म्हणाला, "दाखव बरं काय ऱ्हायलंय तुज्याकडं."

तिनं डबी दिली. त्यानं झाकण उघडून आत बोट घातलं, वाटाणे चाचपावेत तसं. गळ अंगठ्यात शिरला. ओढायला गेला तर आणखी आत. संतरामकाका एका पायावर नाचला, आणि जीपमधून उतरलेला आत्याचा नवरा राम राम म्हणायच्या ऐवजी त्याच्याकडं बघत राहिला.

"वढू नका," आत्या म्हणाली. "मागं येत न्हाई ते तसं. बसा."

तो पायरीवर बसला. तिनं रेशमाचा दुहेरी फास गळाच्या वाकात अडकवला, एका बोटानं गळ खाली दाबला. असा झटका दिला की गळ आल्या वाटेनं सुटतो, पुष्करनं शिकवलेलं.

नवरा म्हणाला, "चला, उरका. वाटंनं विसर्जनाची गर्दी लागंल. सामान कुठं हाय हिचं?"

संतरामकाकाच्या डोळ्यांत पाणी आलेलं, अंगठ्याचं. समोर खांब नव्हता, बहीण होती. तिच्या बोटांवर साल नव्हती.

"ती येत न्हाई," तो म्हणाला.

"काय?"

"दिवाळीपत्तर न्हाई येत. काम हाय तिला. एकशे दहा बांधायचेत." आणि आत्याला हळूच, "दिवाळीपत्तरच म्हनलो मी. पुढचं पुढं."

"व्हय," आत्या म्हणाली आणि फास ओढला.